बोटांना न कळलेली धार

कुष्ठरोग विभागातले काझी मला म्हणाले, "मयेकर, तुम्ही लिहा. लोक चट्टा लपवून बसतात आणि बोटं वाकडी झाली की मग आमच्याकडे येतात. तुमचं वाचून चारजण लवकर आले तरी पुष्कळ झालं." मी हो म्हणून बसलो. लिहायला घेतलं तेव्हा ध्यानात आलं की नुसता रोग लिहून भागणार नाही. रोगाबरोबर मी एक गोष्ट केली होती, ती वगळली तर बाकी सगळं खोटं होईल. काझींना ते ठाऊक नव्हतं. आता होईल.

बर्फातला फिटर

मी रत्नागिरीचा, मांडवीत राहणारा. आयटीआयमधून फिटर झालो. एका कंपनीबरोबर गढवालात पाळणा उभारायला गेलो, म्हणजे खेळाडूंना डोंगरावर चढवणारी तारेची लिफ्ट. काम संपल्यावर कंपनी परत आली, मी तिथल्या हिवाळी खेळांच्या प्रशिक्षण केंद्रात राहिलो. डिसेंबर ते एप्रिल बर्फात, उरलेले महिने घरी, असं १९९८पासून चाललं होतं. लिफ्ट बघता बघता स्कीच्या वर्कशॉपचं कामही माझ्याकडे आलं.

घरी कुणालाच कळायचं नाही की मी नेमकं काय करतो. थोरल्या भावाला वाटे मी पाट्या घासतो. तसं ते अगदीच चुकीचं नव्हतं. स्कीच्या तळाच्या दोन्ही अंगांना पोलादाची बारीक कड असते. शर्यतीच्या उतारावरचा बर्फ पाणी मारून काचेसारखा केलेला असतो, त्यावर खेळाडू टिकतो तो त्या कडेवर. ती कानशीने नेमक्या कोनात घासायची. मग तळावर इस्त्रीने मेण वितळवायचं, थंड होऊ द्यायचं, खरवडून काढायचं, ब्रशने चमकवायचं. कुठल्या दिवशी कुठलं मेण हे बर्फ मुठीत दाबून बघायचं आणि ठरवायचं.

घासताना एक गोष्ट होते. कानस बाजूने फिरली की पोलादाची केसासारखी किनार तळाच्या अंगाला वळून उभी राहते. आम्ही फिटर लोक तिला बर्र म्हणतो. डोळ्यांना ती दिसत नाही, बोटाला कळते. ती राहिली तर बर्फात रुतते आणि स्की वळणातून सुटत नाही. उजव्या हातात बारीक दगड धरायचा, तो कडेवरून फिरवायचा आणि मागून डाव्या हाताची शेवटची दोन बोटं फिरवत जायचं. जिथे खरखरेल तिथे दगड पुन्हा. ही सवय मला पहिल्याच वर्षी लागली आणि तिचा मला गर्व होता.

नेमक्या त्याच वर्षांत स्की बदलल्या. आधी लांब, सरळ असत, वळताना टाचेने ढकलून घसरवाव्या लागत. नव्या आखूड, मधे बारीक आणि टोकांना रुंद. आमचे प्रशिक्षक नेगी सर मुलांना सांगत, आता ढकलू नका. स्की कडेवर कलती करा, बाहेरच्या पायावर उभे राहा, स्की आपली आपण वळेल. डावीकडे वळताना भार उजव्या पायावर, उजवीकडे वळताना डाव्या. आतल्या बाजूला झुकलात की पडलात. जुन्या स्कीवर घासण्यातली एखादी कसर घसरण्यात खपून जायची. नवी स्की काही माफ करत नव्हती.

इस्त्री

१९९९च्या डिसेंबरात माझ्या डाव्या दंडाखाली फिकट चट्टा होता. तिथे केस नव्हते आणि घाम येत नव्हता. पण बर्फात घाम येतो कुणाला? पूर्ण बाह्यांचे दोन स्वेटर अंगावर, चट्टा दिसणार कुणाला? मला दिसत होता. मी तो बघायचं टाळत होतो.

जानेवारीत एकदा मेण लावताना जळका वास आला. मेण जास्त तापलं असं वाटून मी इस्त्री उचलली, तर माझी डावी करंगळी तिच्या कडेला टेकलेली होती. फोड आला. दुखला नाही. थंडीने बोटं बधिर होतात, तिथे सगळ्यांचीच होतात, असं मी स्वतःला समजावलं आणि पट्टी गुंडाळली. वर्कशॉपात शेगडी पेटलेली होती. ती आणि तिच्या शेजारचं सोडून बाकीची आठ बोटं चांगली उबदार होती.

हेमा

हेमा तिथल्याच एका गावची, एकोणीस वर्षांची मुलगी. लहानपणी फळकुटं बांधून उतारावरून घसरायला शिकलेली. फार बोलायची नाही. आपली स्की माझ्याकडे देताना दर वेळी दोन्ही हातांनी द्यायची. फेब्रुवारीतल्या निवड शर्यतीत पहिल्या दोघींना बाहेरच्या देशात सरावाला पाठवणार होते आणि तिसरी कुणी तिच्या जवळपासही नव्हती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या स्की घासल्या. दगड फिरवला, मागून दोन बोटं फिरवली. काही लागलं नाही. एकदम गुळगुळीत. मला आठवतं, मी स्वतःवर खूश झालो होतो.

दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला धुकं होतं, वर उघडं होतं. नेगी सर खाली शेवटच्या टप्प्याशी उभे होते, मी वर सुरुवातीच्या फाटकाशी. हेमा सुटली. पहिली चार वळणं तिने अशी घेतली की माझ्या शेजारचा माणूस पुढे वाकून बघू लागला. पाचवं डावीकडचं होतं. ते पुरं करून तिला उजवीकडे जायचं होतं, पण तिची उजवी स्की सुटेचना. ती डावीकडेच ओढत राहिली, डावी पुढे गेली, पाय फाकले आणि ती आडवी होऊन वळणांच्या खुणेचे झेंडे मोडत खाली गेली. उजवा गुडघा धरून पडून राहिली.

तिला झोळीतून नेलं. स्की मी वर्कशॉपात आणल्या. दिव्याखाली उजव्या स्कीची आतली कड धरली आणि का कुणास ठाऊक, त्या दिवशी उजव्या हाताचा अंगठा फिरवला. बूट अडकवायच्या बांधणीच्या पुढे वीतभर बर्र होती. करवतीच्या पात्यासारखी लागत होती. मी डाव्या बोटांनी पुन्हा तीच जागा चाचपली. गुळगुळीत.

बाहेर नेगी सरांच्या बुटांचा आवाज आला. मी दगड उचलला आणि दोनदा फिरवला. बर्र गेली.

ते आत येऊन म्हणाले, "ती सांगतेय स्की अडकली. तू बघितलीस?"

मी स्की त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "बघा तुम्हीच. कड साफ आहे. आत झुकली ती, सर. मी वरून बघत होतो."

त्यांनी अंगठा फिरवला, मान हलवली. माझ्या कामावर त्यांचा विश्वास होता. तिच्या नावापुढे त्यांनी काय लिहिलं ते मला नंतर कळलं: दबावाखाली तंत्र ढासळतं, आत झुकते. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं होतं. बाहेर दुसऱ्याच दोघी गेल्या.

नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोललो असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. हाताला काय झालंय हे विचारायची मला भीती होती, आणि चूक कबूल केली असती तर तोच प्रश्न पहिल्यांदा आला असता.

निळे ठिपके

एप्रिलअखेर घरी आलो. मे महिन्यात मागच्या अंगणात फणस फोडत होतो. बायको, सुनंदा, सूप घेऊन आली आणि थांबली. तिने विचारलं, "हे रक्त कुठलं?" गऱ्यांवर, पातेल्यावर, माझ्या धोतरावर रक्त होतं. करंगळी खोल कापली होती आणि मी तिच्याशी पावसाआधी कौलं चाळायच्या गोष्टी करत होतो.

तिने हात धुतला, बांधला आणि तशीच बाही वर सरकवली. चट्टा आता तळहाताएवढा होता. दुसऱ्या दिवशी मला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, बोटांना किती दिवस कळत नाही? मी म्हटलं, थंडीमुळे असेल. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रत्नागिरीत मे महिन्यात कसली थंडी, काका?"

त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. म्हणाल्या, मी हाताला पेन टेकवीन, जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताने बोट ठेवा. मी अंगठ्यावर ठेवलं, तर्जनीवर ठेवलं, मधल्या बोटावर ठेवलं. मग बराच वेळ काही झालं नाही. मी वाट बघत बसलो. डोळे उघडले तर त्या शेवटच्या दोन बोटांवर आणि तळव्याच्या कडेला निळे ठिपके होते. मला एकही कळला नव्हता.

कोपरामागची नस चाचपून त्यांनी सुनंदालाही दाखवली, दोरीसारखी जाड झालेली. मग सरळ सांगितलं, कुष्ठरोग आहे, बरा होतो, वर्षभर गोळ्या. बोटांचं विचाराल तर ती निदान वर्षभर तरी मेलेली असावीत, सगळं परत येईल असं सांगत नाही.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. सुनंदाने माझी बाही धरून ठेवली ते मी बघितलं. माझ्या मनात मात्र एकच हिशेब सुरू होता: वर्षभर. म्हणजे फेब्रुवारीत ही बोटं मेलेलीच होती. म्हणजे हेमा खरं बोलत होती, आणि ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं.

घर

गोळ्यांच्या पाकिटातला महिन्याचा पहिला डोस काझींसमोर घ्यायचा असे. त्या दिवशी लघवी लाल होते. आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच बसलो असतो. तीनचार महिन्यांत त्या गोळ्यांनीच कातडी काळवंडली. ओळखीचे विचारू लागले, बर्फात एवढे करपलात का? मी हो म्हणे.

घरच्यांचीही तपासणी करतात. आमची मेघा तेव्हा सहावीत होती. ती डोळे मिटून टेबलापाशी उभी होती, बाई कापसाने तिच्या हातापायांना स्पर्श करत होत्या आणि ती प्रत्येक वेळी अचूक बोट ठेवत होती. ती आणि सुनंदा, दोघीही नीट निघाल्या. बाहेर आल्यावर मेघाने विचारलं, "बाबा, मी नापास झाले असते तर?"

थोरला भाऊ वाईट माणूस नाही. आंब्याची बाग आम्हा दोघांची. मोसम यायच्या आधी तो ओटीवर येऊन बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठताना म्हणाला, "ह्या वर्षी तू पेट्या भरायला येव नको. लोक बघतात." वहिनीने माझं ताट-वाटी वेगळी केली, तीही अशा बेताने की मला वाटावं ती नवी आहेत म्हणून मला दिली. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत हा रोग कुणाला लागत नाही, हे मला ठाऊक होतं, काझींनी त्यांनाही येऊन सांगितलं होतं. तरी मी त्या वेगळ्या ताटात मुकाट जेवलो. मला वाटे, हे ठीकच आहे. मला शिक्षा हवी होती आणि ती चुकीच्या गोष्टीसाठी मिळत होती, एवढंच.

हे मी मुद्दाम लिहितो. रोगाची लाज धरायचं कारण नसतं, आणि तीच मी सगळ्यांत आधी धरली. जिची धरायला हवी होती ती तिच्याआड लपवली.

वॉर्ड

पावसाळ्यात कोपर सुजलं, नस एवढी ठणकू लागली की बाही लागली तरी डोळ्यांत पाणी यायचं. पंधरा दिवस वॉर्डात ठेवलं. सकाळी गोळ्या, मग हात पाण्यात भिजवायचा, खोबरेल चोळायचं, बोटं एकेक करून सरळ करायची, मग फळीला बांधायचा. शेजारच्या खाटेवर जयगडचे एक म्हातारे खलाशी होते, पायाला जखम. ते सारखे आखातातल्या बंदरांच्या गोष्टी सांगत. ते मला विचारत, बर्फ कसा असतो? मी सांगे. ते पुन्हा विचारत, त्यावर माणूस उभा कसा राहतो? मी त्यांना कड, कोन, मेण सगळं सांगितलं. बर्रपाशी आलो की थांबायचो.

काझी रोज फेरी मारत. एकदा डब्यातून घावणे आणले आणि माझ्याच ताटलीत हात घालून जेवायला बसले. मी ताटली मागे ओढली. ते म्हणाले, "अरे, वीस वर्षं हेच करतोय. मला काय झालंय ते दाखव बघू." आणि पुढचा तुकडा मोडला. त्या महिन्यांत माझ्याबरोबर एका ताटलीत जेवलेले ते पहिले. मला रडू आलं. त्यांना वाटलं रोगामुळे. मी तसंच वाटू दिलं.

सुनंदा

गोळ्या संपल्या तेव्हा बाईंनी कार्डावर 'उपचार पूर्ण' असं लिहिलं. घरी येऊन सुनंदाने कार्ड देवापुढे ठेवलं. वर्षभर ती शेजारणींना 'नसांचं दुखणं' सांगत आली होती, जावेशी अबोला धरून होती, मेघाच्या शाळेत एकटी जात होती. ती म्हणाली, झालं, सुटलो.

मी म्हटलं, सुटलो नाही. आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून तिला हेमाचं सगळं सांगितलं. दगड दोनदा फिरवला तेही.

ती कोकमं निवडत होती. हात थांबला. तिला वाईट वाटेल, ती समजूत घालेल, बोटांनाच कळत नव्हतं त्याला तुम्ही काय करणार असं म्हणेल, अशी माझी आशा होती. तशी आशा होती म्हणूनच मी आजारपण सरता सरता सांगितलं, हेही आज लिहून टाकतो.

ती म्हणाली, "रोग तुम्ही आणला नाहीत. बोटांचाही दोष नाही. पण ते खोटं तुम्ही बोललात, आणि ते तोंडाने बोललात. तोंडाला काही झालं नव्हतं."

मग म्हणाली, "मी वर्षभर लोकांपासून काय झाकत होते, आणि तुम्ही काय."

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. रोग कळल्यावर तिने एक दिवसही तसं केलं नव्हतं.

वर

हेमाला पत्र लिहिलं, फाडलं. पत्रातून नोकरीचं, रोगाचं, बोटांचं एवढं पुढे येत होतं की बर्र कुठेतरी शेवटी सापडे. २००२च्या फेब्रुवारीत मी गाडीत बसलो. सुनंदाने लाडू बांधून दिले, कुणासाठी ते बोलली नाही.

नेगी सर केंद्रातच होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. "मी त्या कडेवर स्वतः अंगठा फिरवला होता," ते म्हणाले. मग विचारलं, तिला सांगितलंस? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग आधी माझ्याकडे का आलास?

हेमा खालच्या उतारावर लहान मुलींना शिकवत होती. मला बघून तिने हात जोडले आणि तब्येतीचं विचारलं, कारण मी आजारी असल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. त्या हात जोडण्यानंतर बोलणं आणखी कठीण झालं. तरी बोललो. बोटं दाखवली नाहीत, ती मी खिशात ठेवली होती. ती दाखवली असती तर तिने दया केली असती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "बर्र तुम्हाला कधी सापडली?"

"त्याच दिवशी. तुला खाली नेलं, त्यानंतर अर्ध्या तासात."

"दोन वर्षं मी आत झुकते म्हणून सराव करत होते," ती म्हणाली. "गुडघा सहा महिन्यांत बरा झाला. नेगी सरांनी पुन्हा दोनदा संधी दिली. डावं वळण आलं की मला वाटतं, आता झुकणार. मी स्वतःवर विश्वास ठेवत नाही. तुम्हाला समजतंय ना?"

मी हो म्हटलं. क्षमा मागितली. तिने ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. म्हणाली, हे या मुलींसमोर सांगा, स्की दुसऱ्याच्या हातात देताना काय बघायचं ते त्यांना कळू दे. मी त्या दहाबारा मुलींसमोर उभा राहिलो आणि माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, रोगाचं नावसुद्धा. कुणी मागे सरलं नाही. एकीने विचारलं की बर्र कशी ओळखायची. मी तिला उजवा अंगठा फिरवून दाखवला.

हेमाने स्की चढवल्या. पाळण्याने वर गेली आणि तिथून उतरली. मी खाली उभा राहून बघत होतो. उजवीकडची वळणं सुंदर होती, भार वेळेवर, स्की आपली आपण वळत होती. डावीकडे मात्र दर वेळी ती अर्धा क्षण थांबत होती. उजव्या पायावर उभं राहायच्या आधी जणू कुणाला तरी विचारत होती. लोकांना ते दिसलं नसतं. माझं कामच त्या कडांचं होतं, मला प्रत्येक वळणावर दिसलं. मान खाली घालावीशी वाटली, पण घातली नाही. ती थांबेपर्यंत बघितलं.

परत आल्यावर मी काझींना लिहून देतो म्हटलं. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या अंगावर न कळणारा चट्टा असेल, हाताला भाजलेलं कळत नसेल, तर उद्या सकाळी दवाखान्यात जा. गोळ्या फुकट मिळतात आणि रोग जातो. आणि त्या न कळणाऱ्या दिवसांत तुमच्या हातून कुणाचं काही बिघडलं असेल, तर त्या माणसाला लवकर सांगा. मी दोन वर्षांनी सांगितलं. हेमा अजून डावीकडे थांबते.